नायट्रोजन, एमओयू आणि शिरोलीतली एक गल्ली

‘लघुउद्योजकांची संशोधनाची मानसिकताच नाही.’ हे वाक्य मी गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या स्टेजवरून ऐकलंय की आता वक्ता ‘लघुउद्योजकांची’ म्हणाला की पुढचं मी मनातल्या मनात पूर्ण करतो. त्यानंतर जर्मनीचं नाव येतं, मग जपानचं, आणि कार्यक्रम कोल्हापुरात असेल तर बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथं घरचा कॅमेरा बनवला होता याची आठवण निघते. मग आभारप्रदर्शन आणि जेवण.

माझी शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. वडिलांनी उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केली, आम्ही दोघा भावांनी शिरोलीला आणली. बेचाळीस माणसं आहेत. बीड ओततो, म्हणजे ट्रॅक्टर आणि पंपांना लागणारी ग्रे आयर्नची कास्टिंग. मी धोरणतज्ज्ञ नाही. पण ‘संशोधन भागीदारी’ हा शब्द गेल्या दोनेक वर्षांत इतका फिरतोय की आमच्या शॉपमध्ये ती एकदा खरोखर कशी झाली, ते लिहून ठेवावंसं वाटलं. पोस्ट लांबली आहे. फौंड्रीशी संबंध नसला तरी वाचा, कारण शेवटी हा पैसा तुमच्या-आमच्या टॅक्सचा आहे.

२०२२ सालची गोष्ट. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं. रशिया आणि युक्रेन दोन्ही पिग आयर्न विकणारे मोठे देश, त्यामुळे पिग आयर्नचे भाव भडकले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पूर्वी आमच्याकडे कोकवर चालणारा कुपोला होता, आता विजेवरची इंडक्शन फर्नेस आहे. तिच्यात पिग आयर्न टाकता येतं, किंवा ते कमी करून स्टीलचं भंगार जास्त टाकता येतं. स्टीलमध्ये कार्बन कमी असतो, म्हणून भंगार वाढवलं की वरून कार्ब्युरायझर टाकावा लागतो. काळी बारीक गिट्टी असते, पोत्यातून येते. भाव बघून गल्लीतल्या सगळ्यांनीच भंगार वाढवलं. न वाढवून चालणारच नव्हतं, कस्टमर भाव वाढवून द्यायला तयार नव्हता.

जूनमध्ये कस्टमरकडून व्हॉट्सॲपवर पहिला फोटो आला. कास्टिंग वरून एकदम स्वच्छ, पण मशीनिंग केल्यावर आतून भाताच्या दाण्याएवढ्या पोकळ्या, काही ठिकाणी बारीक चिरा. जुलैत असे फोटो रोज यायला लागले. ऑगस्टमध्ये एका पार्टचं रिजेक्शन अकरा टक्क्यांवर गेलं. आमच्या धंद्यात चार-पाच टक्के सुटले तर देवाला नारळ फोडतात, तिथं अकरा टक्के माल परत. बरं, नुसता माल परत येत नाही, सोबत डेबिट नोट येते. आम्ही कास्टिंग किलोच्या भावानं विकतो, पण डोळा सापडतो त्यांच्या मशीनिंगनंतर. त्यामुळे कास्टिंगची किंमत अधिक त्यांच्या मशीनिंगचा खर्च, दोन्ही आमच्या खात्यातून वजा. बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी, डेबिट मात्र त्याच आठवड्यात.

सगळ्यांचं एकमत झालं की हा पावसाळ्याचा दोष आहे. कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे फौंड्रीतल्या सगळ्या गुन्ह्यांचा ठरलेला आरोपी. वाळूत ओल आली, ओलीचा वायू झाला, वायूचे डोळे पडले. म्हणून वाळूतली ओल कमी केली, साच्याला व्हेंट वाढवले, ओतायचं तापमान वाढवून बघितलं. बेंटोनाइटवाल्याला बोलावलं, त्यानं त्याचंच महागातलं बेंटोनाइट सुचवलं. काही फरक नाही.

आमचे मेल्टर वडिलांच्या काळापासून आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. शिक्षण सातवी. सप्टेंबर संपता संपता ते मला फर्नेसजवळ बाजूला घेऊन म्हणाले, “मालक, पाऊस थांबला, पण हे काय थांबलं न्हाय. भंगार वाढीवल्यापासनं चाललंय हे. आणि बघा की, जाड अंगालाच येतंय. पातळ अंगाला येत न्हाय.”

ओलीचा दोष असता तर त्यानं जाड-पातळ इतकं पाळलं नसतं. मला पटलं, पण त्याचा अर्थ काय ते मामांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. आमच्या स्पेक्ट्रोवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस सगळं दिसत होतं आणि सगळं बसत होतं. ज्या गोष्टीचा आकडा मशीनच्या पडद्यावर येतच नाही तिच्यावर संशय घेणार कोण?

आता एमओयू. एका इंजिनिअरिंग कॉलेजशी आमचा २०१९ पासून सामंजस्य करार होता. फोटो आहे माझ्याकडे. शाल, श्रीफळ, मधे फाइल धरलेली, दोन्ही बाजूंनी चार-चार जण कॅमेऱ्याकडे बघतायत. नॅकच्या मूल्यांकनात उद्योगांशी असलेले चालू करार मोजले जातात, म्हणून कॉलेजांना ते हवे असतात. मी त्याला नावं ठेवत नाही. मोजलं जातं तेच माणूस करतो, कॉलेज असो नाहीतर फौंड्री. पण तीन वर्षांत त्या कराराखाली झालं काय, तर मुलांच्या दोन इंडस्ट्रियल व्हिजिट. साठ मुलं आली, फर्नेससमोर सेल्फी काढले, चहा-बिस्किट झालं, गेली.

त्या फोटोतल्या एका प्राध्यापकांचा नंबर होता, त्यांना फोन लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले: भंगार किती टक्के? कार्ब्युरायझर कुठला? कोअरला रेझिन कुठलं? उत्तरं ऐकून म्हणाले, “नायट्रोजन मोजलाय का कधी?”

इथं थोडं तांत्रिक सांगतो. स्वस्त कार्ब्युरायझर पेट्रोलियम कोकपासून बनतो आणि त्याच्याबरोबर नायट्रोजन येतो. स्टीलच्या भंगारातूनही येतो. कोअरच्या काही रेझिनमध्ये तर तो असतोच. हे सगळं वितळलेल्या बिडात साठतं. पातळ भाग पटकन गोठतो, तिथं त्रास कमी. जाड भाग सावकाश गोठतो, तिथं वायू बाहेर पडून पोकळ्या आणि चिरा होतात. दहा लाख भागांत शंभराच्या पुढे नायट्रोजन गेला की जाड कास्टिंगला धोका. फौंड्रीच्या जगात हे कित्येक दशकांपासून माहीत आहे. आमच्या गल्लीत माहीत नव्हतं, कारण आम्ही पिढीजात पिग आयर्नवाले, आमच्या बिडात तो कधी इतका चढलाच नव्हता.

प्राध्यापकांनी एम.टेक.ची एक विद्यार्थिनी दिली. राधानगरीकडची पोर, रोज ॲक्टिव्हावरून यायची. “मी उद्या सकाळी सातला येतो सर,” असं अस्सल आमच्याकडच्या पोरींसारखं बोलायची आणि खरंच सातला हजर असायची. पहिले पंधरा दिवस तिनं काही केलं नाही, मामांच्या शेजारी बसून राहिली. माझ्या भावाला वाटलं टाइमपास चाललाय. मग कळलं की मामा फर्नेसमागच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीनं काहीतरी लिहितात. कुठल्या दिवशी भंगार किती, पिग किती, कार्ब्युरायझरची पोती कुणाकडची. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची सवय. या पोरीनं ती अख्ख्या वर्षाची पानं मोबाइलवर फोटो काढून संगणकावर उतरवली आणि आमच्या रिजेक्शनच्या शीटशेजारी ठेवली. भंगार वाढलेल्या दिवसांचा माल आणि परत आलेला माल, दोन्ही एकमेकांवर बसत होते. आमच्याकडचा सगळ्यात चांगला डेटा आमच्या ईआरपीत नव्हता, गुरुवारच्या चतुर्थीच्या चौकोनात होता.

पण तेवढ्यानं सिद्ध होत नाही, आकडा लागतो. नायट्रोजन मोजायला वेगळं यंत्र लागतं. मी ओळखत होतो त्या जवळपासच्या लॅबमध्ये ते नव्हतं. पुण्याला नमुने पाठवले, नंबर लागायला तीन आठवडे गेले. कॉलेजकडे टेस्टिंगसाठी बजेट नव्हतं, बिल आम्ही भरलं. नशिबानं जुन्या टेस्ट बार आम्ही फेकत नाही. २०२१ च्या बारमध्ये सत्तर निघाला आणि चालू मालात एकशे तीस.

पुढचं सोपं होतं. कमी नायट्रोजनचा, ग्राफाइटी कार्ब्युरायझर आणला. महाग आहे, पण डेबिट नोटपेक्षा स्वस्त. रेझिन बदललं. मधल्या काळात थोडं टायटॅनियम टाकून नायट्रोजन बांधून ठेवला, पण ते फार दिवस चालत नाही, टायटॅनियमचे कठीण कण कस्टमरच्या टूलची धार खातात आणि मग वेगळी तक्रार सुरू होते. फेब्रुवारीत रिजेक्शन तीन टक्क्यांच्या खाली आलं. एकूण टेस्टिंगला खर्च आला दीड लाखाच्या आत. डेबिट नोटांत गेले होते एकोणीस लाख.

एप्रिलमध्ये कस्टमरचे परचेसवाले भेटले. अभिनंदन केलं. मग म्हणाले, “प्रोसेस सुधारलीय ना, मग त्यातला वाटा आम्हालाही द्या,” आणि किलोमागे रेट कमी मागितला. दिला थोडा. न देऊन सांगताय कुणाला?

हे सगळं सांगायचं कारण असं की सरकारी भाषेत आम्ही जे केलं त्याला ‘इनोव्हेशन’ म्हणता येत नाही. त्यात नवीन काही नाही. पेटंट निघणार नाही. स्टार्टअप नाही, ॲप नाही, एआय नाही. एमएसएमई मंत्रालयाची २०२२ सालची ‘इनोव्हेटिव्ह’ योजना बघितली, एका कल्पनेमागे पंधरा लाखांपर्यंत मदत आहे. चांगली योजना आहे. पण आमच्याकडे कल्पना नव्हती हो, आमच्याकडे डोळे पडलेलं कास्टिंग होतं.

वरच्या पातळीवर पैसा नाही असं नाही. १ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचं, अल्प किंवा शून्य व्याजाचं भांडवल. हे व्हायलाच हवं होतं. २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास. पुढारलेल्या देशांत खासगी उद्योग याच्या दुपटीनं वाटा उचलतात. पण ही योजना उगवत्या क्षेत्रांसाठी आणि प्रयोगशाळेतून बऱ्यापैकी पुढे आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. बीड हे काही उगवतं क्षेत्र नाही. ते उगवून आता दुपार झाली.

त्याआधी इन्कम टॅक्सची सवलत होती. संशोधनावर शंभर रुपये खर्च केले तर एकेकाळी दोनशेची वजावट मिळायची, मग दीडशेची, एप्रिल २०२० पासून फक्त शंभरची. पण ती जास्तीची वजावट मिळवायला कंपनीत केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागानं मान्यता दिलेलं स्वतःचं आर अँड डी सेंटर लागायचं. बेचाळीस माणसांच्या फौंड्रीत आर अँड डी सेंटर म्हणजे मामांची खुर्ची.

मला जास्त राग याचा येतो की यावरचं उत्तर आपल्याच देशात होतं आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वी होतं. १९४७ साली अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी एकत्र येऊन ‘अटिरा’ काढली. विक्रम साराभाई तिच्या पायाभरणीत होते, तेव्हा तिशीही गाठली नव्हती त्यांनी. १९५४ मध्ये मुंबईत ‘बिट्रा’, १९५६ मध्ये कोइमतूरला ‘सिट्रा’. कल्पना साधी होती. सूत तुटतं ते सगळ्यांचंच तुटतं, मग प्रत्येकानं वेगळा शास्त्रज्ञ कशाला ठेवायचा? गिरण्यांनी वर्गणी काढायची, सरकारनं भर घालायची, संस्था सगळ्यांची. पुण्याची एआरएआय १९६६ ची, तीही वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळूनच काढलेली. जर्मनीत हेच सूत्र १९५४ पासून चालू आहे: छोट्या कंपन्या संघटनेमार्फत प्रश्न मांडतात, सरकार संशोधनाचा खर्च उचलतं, काम चालू असताना कंपन्यांची माणसं समितीवर बसतात, आणि निघालेलं उत्तर सगळ्यांना खुलं. प्रश्न कारखान्यातून निघतो, हे त्यातलं महत्त्वाचं. आपल्याकडे प्रश्न पीएच.डी.च्या गाइडकडून निघतो आणि कारखान्यात फक्त सही-शिक्क्याला येतो.

चांगली उदाहरणं मुळीच नाहीत असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी कास्टिंगच्या सिम्युलेशनवर वर्षानुवर्षं काम केलं आणि ‘ई-फौंड्री’ नावानं त्याचे धडे आणि सिम्युलेशन ऑनलाइन फुकट उपलब्ध करून दिलं. आमच्या पोरीनं रायझर कुठं द्यायचा हे आधी त्यावरच शिकून घेतलं होतं.

बरं, सरकारला आणि कॉलेजला बोलून झालं. आता आमच्या गल्लीचं बोलतो, तिथं खरी अडचण होती.

पोरीला थिसिस लिहायचा होता. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “अजिबात नाही. आपले एकोणीस लाख गेले आणि उत्तर शेजाऱ्यांना फुकट?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेजारचे दोघे आमच्याच कस्टमरला माल देतात आणि त्यांच्याकडेही तेच डोळे पडत होते. ते अडकलेले असेपर्यंत ऑर्डर आमच्याकडे वळणार होती. घरात तीन दिवस यावरून जेवताना कुणी धड बोललं नाही.

मी परवानगी दिली, फक्त आमचं आणि कस्टमरचं नाव गाळून. थोर विचार वगैरे नव्हता त्यात. कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांच्या तोंडी तेव्हा ‘कोल्हापूरचं बीड’ असा शब्द यायला लागला होता. अमुक फौंड्रीचं नाही, कोल्हापूरचं. तो शब्द एकदा बसला की पार्ट राजकोटला जातो नाहीतर कोइमतूरला, आणि गेलेला पार्ट परत येत नाही. शेजारी बुडून मी तरलो असतो असं मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

थिसिस झाल्यावर गल्लीतले तिघं चौकशीला आले. त्यातून आम्ही चार फौंड्र्यांनी वर्षाला प्रत्येकी चाळीस हजार काढायचं ठरवलं. टेस्टिंगची बिलं त्यातून, आणि एक निवृत्त मेटलर्जिस्ट दर गुरुवारी येतात, त्यांचं मानधन. कागदावर एवढंच आहे, ना कंपनी ना ट्रस्ट. एकानं दुसऱ्या वर्षी पैसे दिले नाहीत. दुसऱ्यानं आमच्याच गुरुवारच्या चर्चेतलं वापरून एका नव्या पार्टला आमच्यापेक्षा दोन रुपये किलो कमी कोट केलं आणि ऑर्डर उचलली. भाऊ मला हे अधूनमधून आठवण करून देतो, शक्यतो मी भाकरी खात असताना. तरी वर्गणी चालू आहे, कारण तेव्हापासून चौघांपैकी कुणाचंही रिजेक्शन पाचच्या वर गेलेलं नाही.

आणि ती पोर? आम्ही तिला नोकरी देऊ केली, महिना बावीस हजार. आमच्या शॉपमधला तो मोठा पगार आहे. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीनं जवळजवळ दुप्पट दिले. जाताना पेढे घेऊन आली, मामांच्या पाया पडली. बिडातला नायट्रोजन कालनिर्णयवरून शोधणारी मुलगी आज कुठल्यातरी परदेशी विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. तिला मी काय म्हणून दोष देऊ? चार फौंड्र्यांनी मिळून तिला चाळीस हजार देता आले असते का? हिशेब केला तर येतात. पण त्यासाठी चौघांनी आधी एकमेकांसमोर आपापलं रिजेक्शन किती ते खरं सांगायला लागतं, आणि ते तेव्हा कुणी सांगत नव्हतं.

प्राध्यापकांची पदोन्नती झाली, ते आता प्रशासनात आहेत. कॉलेजनं एमओयूचं नूतनीकरण करायला बोलावलं होतं. मी म्हटलं करू, पण त्यात तीन गोष्टी लिहा: वर्षाला दोन विद्यार्थी पूर्ण सेमिस्टर शॉपवर, टेस्टिंगचा खर्च निम्मा-निम्मा, आणि विषय आम्ही सुचवणार. विद्यापीठाच्या नियमांत बसतंय का बघतो म्हणाले. आठ महिने झाले, बघतायत.

सध्या आमच्या डोक्यावर पुढचा प्रश्न आहे तो जळक्या वाळूचा. ओतून झालेली वाळू टाकायची कुठं आणि तिच्यातली किती परत वापरता येते. हाही एकट्यानं सुटणारा नाही. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला आमच्या शॉपवर त्यासाठी बसतोय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित, कुठलेही फौंड्रीवाले या. कॉलेजचे शिक्षक आले तर जास्त बरं. येताना आपली वाळू अर्धा किलो पिशवीत आणा आणि गेल्या तीन महिन्यांच्या डेबिट नोटा आणा. नाव झाकून आणल्या तरी चालतील.